सव्वा वाजताचा ढेकर

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण साष्टांगासाठी वाकावं लागतं, आणि पोटात काही असताना वाकायची मला सक्त मनाई आहे. पोटात सतत काहीतरी असावं, असाही हुकूम आहे (दिवसातून सहा वेळा, दर वेळी एक वाटी), म्हणजे यापुढे जन्मभर मी कुणालाच वाकून नमस्कार करू शकत नाही. तेव्हा खुर्चीत ताठ बसून, पाठ टेकून, हनुवटी वर करून केलेला हा नमस्कार गोड मानून घ्यावा. त्यात उद्धटपणा दिसला तर तो सर्जनच्या खात्यावर टाकावा.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? टपालातल्या पार्सल विभागातून निवृत्त होऊन तुम्हाला दोन वर्षं झाली, तरी घरात येणाऱ्या प्रत्येक खोक्यावर तुम्ही अजून "ही बाजू वर" असं लिहून ठेवता, असं वहिनी हसत हसत सांगत होत्या. हसू नका म्हणावं त्यांना. त्या सवयीपायी आमच्या घरात जे चाललं आहे ते ऐकलं तर त्यांचा खोकला जागच्या जागी थांबेल. फोनवरच सगळं सांगितलं असतं, पण आमचा फोन स्वयंपाकघरात आहे, आणि हे स्वयंपाकघरात उभं राहून बोलण्यासारखं नाही. का, ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत: वजन किती, जळजळ किती, आणि तुमची बहीण कशी आहे. शेवटून सुरुवात करतो. तुमची बहीण उत्तम आहे. इतकी उत्तम की मला धास्ती वाटते. दुपारचा स्वयंपाक करताना ती गुणगुणते. एकतीस वर्षांच्या संसारात ती गुणगुणल्याचं मला आठवत नाही, आणि माझा कान कसा आहे ते तुम्ही जाणता. चाळीस वर्षं लोकांच्या बिघडलेल्या पेट्या आणि अकॉर्डियन दुरुस्त करून मी पोट भरलं (त्या पोटाचा दोन तृतीयांश भाग आता राहिला नाही, ही गोष्ट वेगळी). वजन म्हणाल तर ऑपरेशनच्या आधी चौऱ्याहत्तर, घरी आलो तेव्हा बावन्न, आज सकाळी सत्तेचाळीस. तपासणी सोमवारी, म्हणजे आजपासून अकरा दिवसांनी. त्या दिवशी काटा शेहेचाळीसच्या खाली गेला, तर सर्जन मला परत दाखल करून घेणार, नाकातून नळी घालणार आणि नळीनं जेवू घालणार. त्या माणसाचा आवाज इतका मऊ आहे की हे सगळं तो अंगाई म्हटल्यासारखं सांगतो. मी घरी येईपर्यंत मान डोलावत होतो, घरी आल्यावर पाचावर धारण बसली. दादा, मला परत त्या खाटेवर जायचं नाही. तुम्ही अकरा रात्री त्या बाकावर काढल्यात, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता जळजळ. अल्सर फुटला, पोट कापलं, रिपोर्ट चांगला आला, वाईट काही निघालं नाही, इथपर्यंत तुम्हाला ठाऊकच आहे. पण पोट लहान झालं की खाल्लेलं घशाशी यायला वेळ लागत नाही, आणि ते येऊ नये म्हणून दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी मला एक कागद दिला. तो तुमच्या बहिणीनं स्वतःच्या अक्षरात उतरवून फ्रिजवर लावला आहे. थोडं खा. चावून चावून खा (मी मोजतो, एका घासाला बत्तीस, पण मधे कुणी बोललं की परत एकपासून सुरू करावं लागतं). जेवताना पाणी पिऊ नका, अर्ध्या तासानं प्या. तळलेलं, आंबट, कॉफी, चॉकलेट बंद. गोड तर इतकं बंद की परवा चमचाभर जॅम खाल्ला आणि भिंतीला धरून बसलो. कंबर आवळणारं काही घालू नका. म्हणून पट्टा गेला, आणि त्याच्या जागी एका जुन्या अकॉर्डियनचे खांद्यावरचे पट्टे मी विजारीला शिवून घेतले आहेत. दुकानात येणारे लोक मला आता वाद्य समजून न्याहाळतात. आणि सगळ्यांत मोठा नियम: जेवणानंतर दोन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा इंच विटा लावून घेतल्या आहेत. त्यावर झोपायला गेलो की मी पहाटेपर्यंत पायथ्याशी गोळा झालेला असतो, आणि तुमची बहीण मला काखेत हात घालून परत वर ओढते.

दादा, तो एक जॅमचा चमचा सोडला तर यातला एकही नियम मी मोडलेला नाही. मी! लग्नाच्या पंगतीत ज्याला वाढायला वेगळा माणूस ठेवावा लागायचा तो मी, वाटीभर मऊ भात बत्तीस वेळा चावून खातो आणि पुढच्या खोलीतल्या उंच पाठीच्या खुर्चीत घड्याळाकडे तोंड करून दोन तास ताठ बसतो. तरीसुद्धा रोज दुपारी पावणेदोनच्या सुमारास घशाशी येतं. असं येतं की छातीत कुणी निखारा ठेवावा. मग पुढच्या वाटीची भीती वाटते, वाटी अर्धी राहते, आणि वजन खाली जातं. सर्जन म्हणतो, नियमांत कुठेतरी चूक होत असेल. चूक होते, हे खरं आहे. पण ती मी करत नाही.

घरी आल्यावरचे पहिले दोन दिवस औषधाच्या गुंगीत गेले. तिसऱ्या दिवशीची गोष्ट. भर दुपार, खिडकीतून लख्ख ऊन, रस्त्यावर भाजीच्या गाडीचा आवाज. मी खुर्चीत. एक वाजून दहा मिनिटांनी दाराची कडी वाजली. तुमची बहीण जाऊन दार उघडून आली, म्हणाली, वारा आहे. पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून ढेकर ऐकू आला. साधासुधा नव्हे. खर्जात सुरू झालेला, मधे किंचित थांबलेला, मग वर चढून एकदम तुटलेला. दादा, तो माझा ढेकर होता. तुमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आलो तेव्हा तो ऐकून तुमचे वडील हातातला घास ठेवून माझ्याकडे बघत राहिले होते, तोच. ऑपरेशनपासून मला ढेकर येत नाही. बाकी सगळं येतं, ढेकर येत नाही, पेटीचा भाताच निम्म्याहून जास्त कापला म्हटल्यावर सूर कुठून निघणार? आणि मी इथे पुढच्या खोलीत तोंड मिटून बसलेलो असताना माझा ढेकर आत निघाला होता.

मी स्वतःला समजावलं की भास असेल. पण दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले जिन्यात भेटले आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "परवाच गावाहून आलो, आणि काल दुपारी ऐकलं बरं का! जिवात जीव आला. आता तुम्ही बरे झालात." मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यानंतर रोज एक दहाला कडी, सव्वाला ढेकर. मग बाजेची कुरकुर. (स्वयंपाकघराच्या मागे जी लहान खोली आहे तिथली बाज, जिच्यावर मी जेवून उठलो की पंचवीस वर्षं आडवा होत असे.) म्हणजे जो कोण आहे तो पोटभर जेवतो, ढेकर देतो आणि सरळ जाऊन उताणा झोपतो. कागदावरचा एकेक नियम पायाखाली तुडवतो. आणि त्याची बाज कुरकुरली की अर्ध्या तासानं जळजळ माझ्या घशाशी येते.

खरा हादरा पुढेच आहे. घशाशी जे येतं त्याला चव असते. एक दिवस मी मऊ भात आणि उकडलेलं अंडं खाल्लं होतं; वर आलं ते तळलेल्या कांद्याचं. दुसऱ्या दिवशी भोपळ्याचं सूप. वर आलं ते मटणाचं, भरपूर लसूण घातलेलं. मी तुमच्या बहिणीला सहज विचारल्यासारखं विचारलं, आज मटण केलं होतंस का. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "तुम्हाला चालत नाही, मग मी कशाला करू?" हे उत्तर नव्हे, हे तुमच्याही लक्षात येईल. मोरीत मोठं पातेलं पालथं घातलेलं होतं. आम्ही दोन माणसं, त्यातलं एक वाटीभर खाणारं, आणि दुसरं तुमची बहीण, जी लग्नात होती तितकीच आजही किडकिडीत आहे. त्या पातेल्यात पाच जणांचं शिजतं.

घराबाहेर गेलं तर सुटका होईल असं वाटून मी एक दिवस डबा घेऊन दुकानात जाऊन बसलो. गाणं शिकवणाऱ्या बाई त्यांची पेटी घेऊन आल्या होत्या, एक सूर अडकून सतत वाजत राहत होता. मी डबा संपवला, नियमाप्रमाणे ताठ बसून काम करू लागलो. पेटी उचलून वर धरली, कारण वाकायचं नाही. बाई म्हणाल्या, असं पेटी डोक्यावर धरून दुरुस्त करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहते. पावणेदोनला घशाशी तळलेला मासा आला. मी पेटी हळूच खाली ठेवली आणि बाईंना विचारलं, तुम्ही मासा खाऊन आलात का? त्या जन्माच्या शाकाहारी निघाल्या. पेटी अर्धवट उघडी असतानाच घेऊन गेल्या. तो सूर अजूनही अडकलेलाच असेल, आणि त्यांच्या शिष्या त्याच्याच आधारानं गात असतील. संध्याकाळी घरी आलो तर केराच्या डब्यात माशाचे काटे होते. स्वच्छ, चोखून खाल्लेले, एका बाजूला नीट रचून ठेवलेले. काटे रचून ठेवायची सवय कुणाची, हे तुम्हाला माहीत आहे.

मी सर्जनला सांगून पाहिलं. अर्थात सगळं नाही. एवढंच विचारलं की जे कापून काढलं ते अजून भूक लागल्यासारखं वागू शकतं का. तो मऊ आवाजात म्हणाला की हात कापलेल्या माणसाचीही बोटं खाजतात, मेंदूचे खेळ असतात, आणि काढलेला भाग तर लॅबमध्ये बरणीत आहे. बरणी म्हटल्याबरोबर मला आठवलं. म्हणजे मला आठवण्यासारखं काही नव्हतंच, मी बेशुद्ध होतो, पण तुम्हीच नंतर सांगितलं होतंत. ऑपरेशन झाल्यावर सर्जननं तुम्हाला बाहेर बोलावून ट्रेमधला तो भाग दाखवला, मग तो औषधाच्या पाण्यात बुडवून बरणीत घातला आणि बरणी तुमच्याच हातात दिली: लॅबमध्ये पोचवा, वर नाव लिहा. आमच्या दवाखान्यात तीच पद्धत, नातेवाइकानंच पोचवायचं. तुम्ही ती तुमच्या पिशवीत, डब्याशेजारी, मांडीवर धरून बसमधून नेलीत. किती काळजीनं नेली असेल ते मला न सांगता कळतं. चौतीस वर्षं काचसामानाची पार्सलं हाताळलेला माणूस.

रिपोर्टची दुसरी प्रत मागवली तेव्हा तिच्यासोबत बरणीवरच्या चिठ्ठीची नक्कलही आली. दादा, लोक तिथे रुग्णाचं नाव आणि दवाखान्याचा नंबर लिहितात. तुम्ही काय लिहिलंत? सवयीनं हात चालला असेल, मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही माझं पूर्ण नाव लिहिलंत, त्याखाली इमारत, गल्ली, पिनकोड. आणि त्याखाली तुमच्या त्या सुंदर ठसठशीत अक्षरात: "दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार. घंटा बंद आहे, कडी वाजवावी. दुपारी एक ते दोन घरी असतात. शेजारी देऊ नये."

सूचना तंतोतंत पाळल्या जात होत्या. चुकूनसुद्धा कधी चष्मेवाल्यांची कडी वाजली नाही. दुकानातल्या फोनवरून मी लॅबला फोन लावला. तिथला कारकून उठून बघून आला आणि म्हणाला, आहे की, तिसऱ्या फळीवर, वर्षभर ठेवतो आम्ही. मी विचारलं, कशी ठेवली आहे? तो म्हणाला, बरणी उंच आहे, फळीवर उभी मावत नाही, म्हणून आडवी ठेवली आहे. आडवी! मी इथे सहा इंच विटांवरून रोज घसरतो आणि माझा मोठा हिस्सा तिथे तीन महिने सपाट आडवा पडून आहे. मग जळजळ थांबणार कशी?

तडजोडीचाही प्रयत्न करून पाहिला. गेल्या आठवड्यात तुमची बहीण वाणसामान आणायला गेली असताना मी फ्रिजवरच्या कागदाची नक्कल काढून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, माझ्या जुन्या खुर्चीसमोर चिकटवली. एक दहाला कडी वाजली. दार मीच उघडलं. जिना रिकामा होता, पण माझ्याजवळून काहीतरी आत गेलं. नुकत्याच झाकण काढलेल्या पातेल्याजवळ उभं राहिल्यासारखी ऊब चेहऱ्यावर लागली. मी पाठोपाठ गेलो. टेबलावर झाकून ठेवलेलं ताट होतं (मला ते आधी दिसलं नव्हतं, आणि मला त्याबद्दल कुणी सांगितलंही नव्हतं). वेताची खुर्ची कुणी बसल्यावर दबते तशी दबली. मी समोर बसलो. माझी वाटी पुढ्यात घेतली. दादा, लख्ख उजेडात, बाहेर कुणी गादी झोडपत असताना, मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून बत्तीस वेळा चावत होतो आणि समोरच्या ताटातले बटाटे माझी नजर हलली की कमी होत होते. घाबरून बोबडी वळली होती, तरी खरं सांगतो, भीतीपेक्षा हेवा जास्त वाटला. मी त्याला कागद वाचून दाखवला. हळू खा, म्हटलं. ताटावरून उठल्याबरोबर आडवे होऊ नका. (अहोजाहो केलं. वयानं बरोबरीचा, पण आकारानं माझ्या दुप्पट.) त्यानं उत्तरादाखल ढेकर दिला आणि बाज कुरकुरली. मी दारात उभा राहून हात जोडले. निदान उताणे नका झोपू, म्हटलं, डाव्या कुशीवर वळा, माझी जळजळ तेवढी तरी कमी होईल. मग बाज एकदाच, सावकाश, कुरकुरली. त्या दिवशी माझ्या घशाशी काही आलं नाही. मी दुपारच्या दोन वाट्या संपवल्या. पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिले पाढे. सवय जात नाही त्याची, माझीही कुठे गेली असती.

दादा, थट्टा पुरे. मला काय वाटतं ते लिहूनच टाकतो. पोटाचे तीन भाग केले तर दोन त्याच्याकडे आहेत. जेवतो तो, ढेकर देतो तो, दुपारी झोपतो तो. शेजारी त्याला ऐकून म्हणतात, तुम्ही बरे झालात. तुमची बहीण त्याच्यासाठी गुणगुणते आणि माझ्यासमोर वाटी ठेवताना तोंड फिरवते. मला असं वाटू लागलं आहे की घरी आलेला तोच, आणि मी त्याचं ताटात उरलेलं काहीतरी आहे, जे खुर्चीत ताठ बसवून ठेवलं आहे. रोज थोडं थोडं कमी होणारं. मला जगायचं आहे हो. वाटीभर खाऊन का होईना, पण मीच जगावं असं वाटतं.

वहिनींना नमस्कार सांगा, तोही ताठच. गुडघ्याला शेक देत जा. कळवण्यासारखं एवढंच. लोभ आहेच, पोटात मावत नाही म्हणून सध्या छातीत ठेवला आहे, तिथे जळजळ होते तरी.

तुमचा,
एक तृतीयांश मेहुणा

ता. क. मूळ काम राहिलंच. लॅब तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. तिथे जाऊन तेवढी बरणी उभी करून ठेवा. फळीवर मावत नसेल तर खालच्या कप्प्यात ठेवायला सांगा, आणि झाकणाजवळ तुमच्या अक्षरात "ही बाजू वर" लिहा. मुख्य म्हणजे चिठ्ठीवरचा पत्ता खोडा. नाव राहू द्या, पत्ता जाड शाईनं पूर्ण खोडा. कडीचं आणि एक ते दोनचं तर आधी. सोमवारच्या तपासणीआधी झालं तर मी वाचलो.

ता. क. २. तुमच्या बहिणीला यातलं अक्षरही कळू देऊ नका. तिला वाटतं, माझ्या काही लक्षात आलेलं नाही. पाकिटाचा डिंक आंबट लागतो, त्यामुळे ते चिकटवून टाकायला तिच्याचकडे देतो आहे, पण दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही.

ता. क. ३. दादा, हे मी लिहिते आहे. वाचलं सगळं.

ह्यांनी ऐकायच्या आधी ढेकर मी ऐकला. तू बरणी घेऊन गेलास ना, त्याच दिवशी. ह्यांना शुद्ध आली नव्हती, तू म्हणालास घरी जा, अंघोळ कर, दोन घास खा. मी भात टाकला होता. कडी वाजली, दारात कुणी नव्हतं, आणि मग आतून तो आवाज आला. मला वाटलं, हे गेले. तिथेच जमिनीवर बसले. किती वेळानं उठून दवाखान्यात फोन केला, तर नर्स म्हणाली, आत्ताच डोळे उघडले, पाणी मागताहेत. फोन ठेवला आणि मी ताट वाढलं. एवढंच कळलं की एक घरी आले आहेत आणि एक यायचे आहेत. आलेल्यांना उपाशी कसं ठेवणार?

त्या दिवसापासून वाढते. मला दिसत काही नाही. ताट रिकामं होतं. एकतीस वर्षं मी त्या ढेकरासाठी स्वयंपाक केला, दादा. पुढच्या खोलीतले तीन चमचे खातात आणि मी विष घातल्यासारखं माझ्याकडे बघतात. त्यांचा दोष नाही. पण दिवसातून एकदा ह्या घरात कुणीतरी पोटभर जेवतं, म्हणून मला बाकीच्या पाच वाट्या भरायचं बळ येतं. तोंड फिरवते ते रडू दिसू नये म्हणून.

वजन सत्तेचाळीस नाही. काट्याजवळ मी मागे उभी होते. शेहेचाळीसच्या वर जेमतेम एक रेघ आहे. तुला काळजी नको म्हणून ह्यांनी वाढवून लिहिलं आहे.

म्हणून मीही सांगते, जा आणि पत्ता खोड. सगळा खोड, काही ठेवू नकोस. तीन दिवस विचार करून सांगते आहे. खुर्चीतले राहायला हवेत.

फक्त गुरुवारी जा, आणि दोन वाजल्यानंतर जा. त्या दिवशी मी सगळं त्यांच्या आवडीचं करणार आहे. जेवण होऊ दे त्यांचं.